स्नायू, शीर आणि मुरगळ : क्रीडादुखापतींच्या मराठी परिभाषेचे परीक्षण

खेळाडूला झालेल्या दुखापतीचे निदान हा वैद्यकाचा विषय आहे. भाषेच्या अभ्यासकाने त्यात लुडबूड करू नये, असे कोणास वाटल्यास ते अगदीच वावगे नाही. तथापि निदानाची पहिली पायरी म्हणजे रोग्याच्या तोंडचे वाक्य होय. क्ष-किरणांचे चित्र, चुंबकीय प्रतिमा, सांधा हलवून पाहण्याच्या परीक्षा हे सर्व त्या वाक्यानंतर येते. आणि यांपैकी कोणती परीक्षा करावयाची, किंबहुना करावयाची की नाही, हे पुष्कळदा त्या वाक्यावरूनच ठरते. तेव्हा ज्या शब्दांचे ते वाक्य बनते ते शब्द शरीरातील नेमक्या कोणत्या वस्तूकडे बोट दाखवितात, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या कक्षेत येतो. प्रस्तुत लेखात तेवढ्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

विचारास निमित्त झाले ते सोलापूर-पुणे मार्गावरील चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत कानावर पडणाऱ्या बोलण्याचे. पाळी सुटल्यावर तेथे व्हॉलीबॉल, कबड्डी आणि मुख्यतः क्रिकेट खेळणारे कामगार चार भाषांचे आहेत. मोहोळ व उत्तर सोलापूर तालुक्यांतील खेड्यांची मराठी, शहराच्या पूर्व भागातील पद्मशाली कुटुंबांची तेलुगू, अक्कलकोट व दक्षिण सोलापूरकडील कानडी आणि उत्तरेकडून आलेल्यांची हिंदी या चारही भाषा एका संघात नांदतात. खेळताना कोणी पडला की त्याचे दुखणे मात्र बहुधा मराठीत सांगितले जाते, कारण ती तेथील व्यवहाराची भाषा. 'पाय मुरगळला', 'शीर ताणली', 'गुडघ्याचा स्नायू गेला', 'लिगामेंटचं दुखणं आहे' ही चार वाक्ये तेथे पुनःपुन्हा ऐकू येतात. पहिले वाक्य फार चांगले आहे. दुसरे संदिग्ध आहे. तिसरे बहुधा चुकीचे असते. चौथे बरोबर असूनही अपुरे असते. असे का व्हावे, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम क्रियापदे घेऊ, कारण या विषयातील मराठीचे खरे धन तेथे आहे. मुरगळणे, लचकणे, निखळणे, सरकणे, आखडणे, अवघडणे, भरून येणे ही क्रियापदे दुखापतींसाठी म्हणून घडविलेली नाहीत. कोंबडीची मान मुरगळतात, भाराखाली फांदी लचकते, अंगठीतला खडा निखळतो. वस्तूंच्या हालचालीचे हे शब्द शरीराकडे आले आणि येताना त्यांनी हालचालीचे वर्णन सोडले नाही. 'पाय मुरगळला' असे म्हणणारा मनुष्य सांगतो की, सांध्याला त्याच्या मर्यादेपलीकडे पीळ बसला. 'कंबर लचकली' असे म्हणणारा सांगतो की, ओझ्याखाली असताना ती एकाएकी वाकली. 'खांदा निखळला' यात बसलेली वस्तू आपल्या खोबणीतून बाहेर आल्याचे सांगितले आहे. क्रीडावैद्यकात रोग्याची हकीकत घेताना सर्वांत आधी हेच विचारतात: इजा कोणत्या हालचालीने झाली? कारण हालचाल कळली की कोणत्या ऊतीवर ताण आला असेल याचा तर्क निम्मा पूर्ण होतो. पाऊल आतल्या अंगाला वळून मुरगळले असेल, तर घोट्याच्या बाहेरील बाजूचे बंध ताणले वा तुटले असण्याचा संभव सर्वाधिक, हे अशा तर्काचे साधे उदाहरण होय. इंग्रजी जाणणाऱ्या वैद्याला जे प्रश्न विचारून काढावे लागते ते मराठी रोगी क्रियापदातच देऊन बसलेला असतो.

या क्रियापदांच्या व्याकरणात मात्र एक उणीव दडलेली आहे. 'माझा पाय मुरगळला' या वाक्यात कर्ता पाय आहे. मनुष्य केवळ षष्ठीत उरला आहे. हेच क्रियापद सकर्मकही आहे, परंतु स्वतःच्या दुखापतीबद्दल बोलताना कोणी 'मी पाय मुरगळला' असे म्हणत नाही. इंग्रजीत याच प्रसंगी दुखावलेला मनुष्यच वाक्याचा कर्ता होतो, जणू त्यानेच ते केले. मराठीची रचना अधिक न्याय्य आहे, असे वाटते खरे. पण तीत दुसऱ्या कोणी धरले, ढकलले वा आदळले होते की नाही, हे बुडून जाते. कबड्डीत हा भेद महत्त्वाचा ठरतो. चढाई करणाऱ्याचा गुडघा पकडीत ओढला जाऊन दुखावला, की कोणाचाही स्पर्श नसताना वळण घेतानाच दुखावला? गुडघ्यातील पुढच्या फुलीबंधाच्या इजा बहुतांशी दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे थबकताना, वळताना किंवा उडी मारून टेकताना झालेल्या असतात. तेव्हा 'गुडघा मुरगळला' या वाक्यानंतर 'कोणी धरलं होतं का?' हा प्रश्न वैद्याने स्वतः विचारावयास हवा, कारण मराठी वाक्य त्याचे उत्तर आपण होऊन देत नाही.

दुसरी उणीव प्रमाणाची. किंचित ताणापासून घोट्याचे हाड मोडण्यापर्यंत सर्वच 'मुरगळणे' होय. कॅनडातील ऑटावा येथे १९९२ मध्ये यासाठी काही साधे नियम प्रसिद्ध झाले व ते आता जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांच्या हाडांची मागील कड व टोक दाबल्यास दुखते काय, आणि इजा होताच व पुढे तपासणीच्या वेळीही रोग्याला चार पावले टाकता येतात काय, यांवर क्ष-किरण चित्र काढावयाचे की नाही हे ठरते. पावलाच्या मधल्या भागासाठी असेच आणखी दोन बिंदू सांगितले आहेत. या नियमांचे मराठीकरण वरवर पाहता सोपे वाटते, पण येथे एक खाच आहे. मूळ नियमात लंगडत टाकलेली पावलेही पावलेच धरतात. मराठीत 'चालता येतं का?' असे विचारल्यास लंगडणारा मनुष्य 'नाही' म्हणतो, कारण 'चालणे' या शब्दात त्याच्या मनी नीट चालणे अभिप्रेत असते. प्रश्न 'लंगडत का होईना, चार पावलं टाकता येतात का?' असा असावयास हवा. अशा सूचनापत्रकांचे भाषांतर करणाऱ्यांनी शब्दकोश उघडण्यापूर्वी या गोष्टीचा विचार करावा.

आता भाषांतरकारांचा विषय निघालाच आहे, तेव्हा प्रचलित द्विभाषिक मजकुरांतील एका समीकरणाचा परामर्श घेणे प्राप्त आहे. इंग्रजी 'स्प्रेन' म्हणजे मुरगळ आणि 'स्ट्रेन' म्हणजे लचक किंवा ताण, असे दोन रकाने मांडून मोकळे होण्याची पद्धत पडली आहे. इंग्रजीतील हा भेद ऊतींवर आधारलेला आहे: हाडाला हाड बांधणाऱ्या बंधाची इजा ती पहिली, आणि स्नायूची किंवा त्याच्या टोकाच्या कंडरेची इजा ती दुसरी. मराठीतील भेद हालचालीवर आधारलेला आहे. एका भाषेचे 'काय दुखावले' आणि दुसरीचे 'कसे दुखावले' ही दोन टोके जोडून समीकरण मांडले, तर दोन्ही भाषांचे नुकसान होते. पोटरीचा स्नायू धावताना फाटला तर तो मुरगळलेला नसतो हे खरे. पण तो लचकलेलाही नसतो. आणि कंबर लचकली म्हणजे केवळ स्नायूच दुखावला, असे क्रियापदात कोठेही म्हटलेले नाही.

शिवाय ज्या इंग्रजी भेदाच्या नादी लागून आपण आपली क्रियापदे वाकविली, तो भेद त्या भाषेतही फारसा स्थिर नाही. स्नायूंच्या क्रीडादुखापतींच्या परिभाषेविषयी म्युनिक येथे तज्ज्ञांनी विचारविनिमय केला व त्याचे निवेदन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी तीस इंग्रजीभाषक शास्त्रज्ञांना व संघवैद्यांना प्रश्नावली पाठविण्यात आली होती. आलेल्या उत्तरांवरून असे दिसले की, नित्याच्या शब्दांचे अर्थ प्रत्येकाचे निराळे आहेत. त्या निवेदनात 'स्ट्रेन' हा शब्द टाळण्याचीच शिफारस असून, प्रत्यक्ष तंतू फाटले असल्यास सरळ 'फाटणे' या अर्थाचा शब्द वापरावा असे सुचविले आहे. ज्या नाण्याच्या मोबदल्यात आम्ही आमचे नाणे मोडले, ते नाणे टाकसाळीनेच परत घेतले, असा हा प्रकार आहे.

आता नामांकडे वळू. येथे मूळ अडचण 'स्नायू' या शब्दाची आहे, आणि ती थोडी तपशिलाने मांडणे आवश्यक आहे.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील पाचव्या अध्यायात शरीराच्या घटकांची गणना आहे. तीत अस्थी ३००, संधी २१०, स्नायू ९००, पेशी ५००, सिरा ७०० आणि कंडरा १६ सांगितल्या आहेत. आजचा मराठी वाचक ही यादी वाचताना दोन ठिकाणी हमखास ठेचकाळतो. 'पेशी' म्हणजे आपल्या शालेय विज्ञानातील सूक्ष्म घटक, ज्याला हिंदीत 'कोशिका' म्हणतात. तो अवघा पाचशेच कसा? आणि 'स्नायू' म्हणजे दंडात फुगतो तो मांसल गोळा. तो नऊशे कसा? वस्तुतः सुश्रुताची पेशी हीच मांसाची पेशी असून हिंदीने 'मांसपेशी' या शब्दात तो अर्थ जपला आहे. सुश्रुताचा स्नायू म्हणजे बांधणारा तंतू. त्याचे चार प्रकार सांगितले असून, शाखायुक्त स्नायू हातापायांत व सर्व संधींत असतात, आणि गोल स्नायूंना कंडरा म्हणावे, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. अर्थात आज आपण ज्यांना अस्थिबंध व कंडरा म्हणतो, ते दोन्ही त्याच्या 'स्नायू' या जातीत मोडतात.

पुढे नौकेचा दृष्टांत येतो. फळ्या जोडून केलेली नाव पुष्कळ बंधांनी घट्ट आवळलेली असली म्हणजे पाण्यात माणसांचा भार सोसते. तसे शरीरातील संधी स्नायूंनी बांधलेले असल्याने मनुष्य भार सोसू शकतो. त्यालाच जोडून म्हटले आहे की, हाडे, पेशी, सिरा किंवा संधी दुखावल्याने देहधाऱ्याची जेवढी हानी होत नाही तेवढी स्नायू दुखावल्याने होते. क्रीडावैद्यकाच्या दृष्टीने हे विधान लक्षणीय आहे. मांसाची पेशी फाटली, तर तिला रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे ती बहुधा काही आठवड्यांत भरून येते. मोडलेले हाड सांधते. परंतु गुडघ्याच्या आतील फुलीबंध पुरता तुटला, तर त्याची टोके सहसा आपण होऊन जुळत नाहीत, आणि शस्त्रक्रियेने नवा बंध बसविल्यावरही खेळाकडे परतावयास नऊ महिने ते वर्ष लागते. प्राचीन ग्रंथकाराच्या मनात नेमका हाच बंध होता, असा दावा करणे अडाणीपणाचे होईल. पण बंधाची इजा पेशीच्या इजेहून गंभीर, हा क्रम त्याने लावला होता यात संशय नाही. आजच्या मराठी अर्थाने ते विधान वाचले की क्रम बरोबर उलटा होतो आणि 'मांसल भाग दुखावला तर सर्वांत वाईट' असे ते म्हणू लागते. जे अभ्यासक आयुर्वेदाचा दाखला देऊन क्रीडादुखापतींवर लिहितात, त्यांनी ही खबरदारी अवश्य घ्यावी.

शब्दाचा अर्थ सरकणे हा काही अपराध नव्हे. किंबहुना 'स्नायू'च्या कुळातच ही सवय आहे. संस्कृत 'स्नावन्' व 'स्नायु' यांचा सगोत्र ग्रीक शब्द 'नेउरॉन' हा होय. त्याचाही मूळ अर्थ तंतू, धनुष्याची दोरी असाच होता. पुढे ग्रीक शरीरशास्त्रात तो मज्जातंतूंकडे सरकला आणि त्यापासून आजचा 'न्यूरॉन' निघाला. लॅटिन 'नेर्वुस'ची कथा तीच. एकाच मुळापासून निघालेला शब्द एकीकडे मज्जातंतू झाला, मराठीत मांसपेशी झाला, आणि मूळचा 'बांधणारी दोरी' हा अर्थ दोन्हीकडे निराधार झाला. युरोपात ती जागा बांधणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेल्या 'लिगामेंट' शब्दाने भरली. मराठीत ती रिकामी राहिली. परिभाषाकारांनी 'अस्थिबंध' हा शब्द दिला. तो पारदर्शक आहे, सुटसुटीत आहे, आणि विश्वकोशापासून पाठ्यपुस्तकांपर्यंत त्याचा वापर झाला आहे. तरीही मैदानावर तो कोणाच्या तोंडी नाही. याचे कारण तो संस्कृत आहे हे नव्हे. 'स्नायू' तरी कोठे देशी आहे? कारण असे की, 'अस्थिबंध' आला तेव्हा लोकांच्या मनात त्या वस्तूची कल्पनाच उरली नव्हती. हाड, मांस आणि शीर या तिन्हींत शरीर संपते अशीच समजूत असल्याने चौथ्या वस्तूचे नाव कशाला चिकटणार?

म्हणूनच 'गुडघ्याचा स्नायू गेला' हे वाक्य जन्माला येते. गुडघ्याच्या ज्या इजेविषयी ते बोलले जाते, तीत फाटलेली वस्तू बहुधा स्नायू नसतेच. पण बोलणाऱ्यापाशी दुसरा शब्द नसतो. वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांवर 'मांडीचा स्नायू दुखावला' आणि 'गुडघ्याचा स्नायू दुखावला' ही वाक्ये सारख्याच सहजतेने छापली जातात, आणि वाचक दोन्ही ठिकाणी दोन-चार आठवड्यांच्या विश्रांतीची अपेक्षा करतो. औद्योगिक वसाहतीतील तरुण कामगारही तीच अपेक्षा करतो. तेल चोळून, पट्टा बांधून तो महिनाभराने पुन्हा मैदानात उतरतो. बंधावाचून खिळखिळा झालेला गुडघा पुन्हा सटकतो, आणि दर वेळी आतील कूर्चेची झीज वाढत जाते. ज्याला आठ तास यंत्रापाशी उभे राहावयाचे आहे त्याच्या बाबतीत शब्दाची ही चूक केवळ व्याकरणाची राहत नाही.

'लिगामेंट' हा शब्द आता आला आहे व तो टिकेल. त्याचे लिंगही अजून ठरावयाचे आहे. 'लिगामेंट तुटलं' आणि 'लिगामेंट तुटली' अशी दोन्ही रूपे एकाच संघात ऐकू येतात. आमच्या मते क्रीडालेखनात त्याचा निःशंक स्वीकार करावा. १९६२ च्या 'पदनाम कोशा'वर जी टीका झाली तिच्यातून आपण एवढे शिकावयास हरकत नाही की, बोलणाऱ्याने आधीच उचललेला शब्द त्याच्या हातून काढून घेता येत नाही. फक्त एका गोष्टीकडे लक्ष ठेवले पाहिजे. मैदानी मराठीत 'लिगामेंट' हे शरीरातील शेकडो बंधांचे जातिनाम राहिलेले नसून, गुडघ्यातील एकाच बंधाचे जवळजवळ विशेषनाम झाले आहे. घोट्याच्या बाहेरील बंध तुटलेला मनुष्य 'लिगामेंट नाही, नुसता मुरगळलाय' असे सांगतो. अर्थसंकोचाचे असे ताजे उदाहरण विद्यार्थ्यांना क्वचितच मिळते.

या संदर्भात दोन महाराष्ट्रीय खेळाडूंची आठवण होते. हेलसिंकी येथे १९५२ मध्ये कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव पुढच्या, म्हणजे १९५६ च्या ऑलिंपिकला मुकले, याचे कारण त्यांच्याविषयीच्या लेखनात बहुधा 'गुडघ्याची दुखापत' एवढ्याच शब्दांत दिलेले असते. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे २०२५ च्या जुलै महिन्यात मोनॅको येथे अडथळ्यांच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला. त्याच्या गुडघ्याचा पुढचा फुलीबंध व अर्धचंद्र कूर्चा दुखावल्याचे निष्पन्न झाले, शस्त्रक्रिया झाली आणि टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. सत्तर वर्षांत ज्ञान किती वाढले ते यावरून दिसतेच. पण सर्वसामान्य मराठी वाचकापर्यंत ते पोचले ते 'एसीएल' या तीन रोमन आद्याक्षरांच्या देवनागरी सांगाड्यातून. ही वस्तू कोठे असते, काय बांधते, हे त्या सांगाड्यातून काहीच कळत नाही.

नामांच्या बाबतीत असे दारिद्र्य असताना, गुडघ्याच्या निदानासाठी पुन्हा क्रियापदेच कामास येतात, हे नमूद करण्याजोगे आहे. 'गुडघा सटकतो', 'गुडघा अडकतो' आणि 'गुडघा दुखतो' या तीन तक्रारी निरनिराळ्या आहेत. जिना उतरताना वा वळताना गुडघा सटकत असेल, इजेच्या क्षणी आतून आवाज झाला असेल आणि काही तासांतच गुडघा टम्म फुगला असेल, तर फुलीबंधाची शंका घ्यावी लागते. गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल आणि सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू आली असेल, तर कूर्चेची शंका अधिक. नोंदवहीत 'गुडघा दुखतो' एवढेच लिहून घेतले की हा सर्व भेद पुसला जातो. खेळाडूने वापरलेले क्रियापद जसेच्या तसे टिपून ठेवणे, हा यावरील सोपा उपाय आहे, आणि त्याला खर्च नाही.

'शीर' या शब्दाची गोष्ट निराळी. 'स्नायू'चा अर्थ सरकला. 'शिरे'चा कधी आवळलाच गेला नाही. रक्तवाहिनी, मज्जातंतू, कंडरा, आणि पेटका आलेला स्नायूही मराठी बोलीत 'शीर' वा 'नस' असतो. पोटरीत गोळा आला तरी 'शिरेवर शीर चढली' म्हणतात, वस्तुतः तेथे शिरेचा काहीएक संबंध नसतो. सोलापुरात ही संदिग्धता दूर होण्याऐवजी शेजाऱ्यांकडून पक्की होते, कारण तेलुगूतील 'नरम्' व कानडीतील 'नर' यांची व्याप्ती जवळजवळ हीच आहे. मुरगळण्याला तेलुगू भाषक 'बेणुकु' म्हणेल आणि कानडी भाषक 'उळुकु'. तेथे तिन्ही भाषांनी आपापले शब्द राखले आहेत, पण शिरेच्या बाबतीत शब्द वेगळे असूनही शरीराची वाटणी एकच आहे. अशा क्षेत्रीय साम्याकडे तौलनिक अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे.

व्यवहारात यातून घोटाळा होतो तो मांडीच्या मागील बाजूस. 'मांडीमागची शीर ताणली' असे म्हणणाऱ्या गोलंदाजाचा तेथील स्नायू फाटलेला असू शकतो, किंवा कंबरेतून निघालेला मज्जातंतू दबलेला असू शकतो. पहिल्यात वेगाने धावताना एका क्षणी चाबूक बसावा तशी कळ येते व त्या जागी दाबल्यास दुखते. दुसऱ्यात खोकताना वा शिंकताना कळ पायात उतरते, मुंग्या येतात, बधिरता येते. 'शीर' शब्द दोहोंना एकाच पिशवीत घालतो. वेदनेचे शब्द मात्र त्यांना वेगळे करतात. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये सिद्ध केलेल्या मॅकगिल प्रश्नावलीत वेदनावाचक अठ्ठ्याहत्तर शब्द वीस गटांत लावले आहेत. आपल्याकडे कळ, चमक, सणक, ठणका, ठसठस, आग, मुंग्या यांचे अर्थभेद अजून कोणी पद्धतशीर मोजलेले दिसत नाहीत. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने हा विषय घ्यावा, इतका तो मोकळा आणि उपयुक्त आहे.

या शिरांमध्ये एक जुना नेमका शब्द हरवला आहे, त्याची नोंद येथेच करतो. पायाच्या मागील जाड, दोरीसारख्या शिरेला 'धोंडशीर' म्हणत. मराठी बायबलात शत्रूच्या घोड्यांना पांगळे करण्याच्या प्रसंगी हा शब्द आला आहे. आज टाचेवरील कंडरेला 'अकिलिस' या ग्रीक वीराचे नाव आपण देतो. ज्या भाषेत धोंडशीर होती, तिने ट्रॉयपर्यंत जाण्याचे कारण नव्हते.

भाषांतराने आयात केलेल्या चुकीचे उदाहरण म्हणून 'दाह' हा प्रत्यय पाहण्यासारखा आहे. सचिन तेंडुलकर २००४ मध्ये कोपराच्या दुखण्याने बराच काळ संघाबाहेर राहिला आणि २००५ च्या मे महिन्यात लंडनला त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा 'टेनिस एल्बो' हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला. टेनिस न खेळणाऱ्याला तो कसा झाला, असा प्रश्न त्या वेळी अनेकांना पडला होता. उत्तर इतकेच की, कोपराच्या बाहेरील उंचवट्याला चिकटलेल्या कंडरेवर वारंवार पडणाऱ्या ताणाने तो होतो, मग हातात बॅट असो की कारखान्यातील पाना. अशा दुखण्यांना इंग्रजीत शोथवाचक प्रत्यय लावण्याची रीत होती, आणि तिला अनुसरून मराठीत 'कंडरादाह' आला. परंतु नर्शल व पेट्रोन यांनी १९७९ मध्येच दाखविले होते की, शस्त्रक्रियेत काढलेल्या अशा ऊतीत शोथाच्या पेशी दिसत नाहीत. दिसते ते तंतूंचे अवघटन व अपुरी दुरुस्ती. पुढे १९९८ मध्ये मफुल्ली, खान व पुद्दू यांनी ही परिभाषा गोंधळ माजविणारी असून ती बदलण्याची वेळ आली आहे, असे शीर्षकातच सांगितले. इंग्रजीने प्रत्यय बदलला. मराठीत 'दाह' राहिला, आणि मराठीत तो अधिकच दिशाभूल करतो, कारण दाह म्हणजे जळजळ, आग. ती विझवावयाची असते. प्रत्यक्षात या दुखण्यात कंडरेवर हळूहळू वाढत जाणारा मोजका भार देऊन तिला पुन्हा सशक्त करावयाचे असते. विझविण्याच्या कल्पनेत या उपचाराला जागाच नाही.

हिंदीशी असलेल्या निकटतेचा धोकाही ओझरता सांगावयास हवा. हिंदीत 'जाँघ' म्हणजे मांडी. मराठीत 'जांघ' म्हणजे मांडी व पोट यांमधली घडी. उत्तरेकडील खेळाडूने 'जांघ में खिंचाव' म्हटले आणि मराठी सोबत्याने ते तसेच वैद्याला सांगितले, तर दुखापत वीतभर वर सरकते. जांघेतील दुखण्यात अंतर्गळाचीही शंका घ्यावी लागते, मांडीच्या दुखण्यात घ्यावी लागत नाही. बोट ठेवून दाखविण्याचा आग्रह धरला की हा घोटाळा मिटतो.

शेवटी 'मुका मार' या शब्दाविषयी. दुखापतींच्या मराठी नामांपैकी हे सर्वांत नेमके नाम आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कातडी फुटलेली नाही, रक्त दिसत नाही, तरी आत मार आहे, एवढे सारे दोन शब्दांत येते. कबड्डीत प्रतिपक्षाचा गुडघा मांडीच्या पुढील भागावर आदळला की हाच प्रकार होतो. स्नायू हाडावर दाबला जाऊन आत रक्त साकळते. असा भाग पहिल्या दिवसांत जोराने चोळल्यास किंवा शेकल्यास रक्तस्राव वाढण्याचा संभव असतो, आणि क्वचित त्या साकळलेल्या जागी काही आठवड्यांनी चक्क हाड धरू लागते. याला पाश्चात्त्य वैद्यकाने दिलेल्या नावातही तोच शोथवाचक प्रत्यय आहे, आणि तो तेथेही तितकाच अस्थानी आहे. अशा मांडीचा गुडघा पुरता वाकत नाही. सुरुवातीचे क्ष-किरण चित्र बहुधा स्वच्छ येते, तीन-चार आठवड्यांनंतरच्या चित्रात हाडाची छाया दिसू लागते. तोपर्यंत मार कधी, कोठे बसला हे खेळाडू विसरलेला असतो, आणि वैद्याला तो एवढेच सांगतो की, पाय आखडला.